न सापडलेले विष : डॉ. पामर ते डॉ. लागू

खानदेशातले कोणतेही वर्तमानपत्र घ्या आणि आतल्या पानावरच्या तालुक्याच्या बातम्या वाचा. ‘मृत्यूचे नेमके कारण समजू शकले नाही, व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे’ हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी भेटतेच. कापसावर मारायचे औषध पोटात गेलेला शेतकरी असो, विहिरीत सापडलेली सून असो, की झोपेतच गेलेला धडधाकट माणूस असो, शवविच्छेदन झाले की जठर, आतडे, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून बरण्या भरल्या जातात. बरण्यांना मोहोर लागते आणि त्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे रवाना होतात. पुढे बातमी थांबते. वाचक गृहीत धरतो की आता काय ते प्रयोगशाळाच सांगेल.

प्रयोगशाळेचे उत्तर ‘विष आढळले नाही’ असे आले, तर? जळगाव आणि धुळे इथल्या न्यायालयांत वकिली करताना हा प्रश्न मला पक्षकारांनी अनेकदा विचारला आहे. आरोपीच्या घरच्यांना वाटते की सुटलो. मृताच्या घरच्यांना वाटते की सगळे संपले. दोघांचीही समजूत अपुरी आहे. मृताच्या शरीरात विषाचा कण सापडला नसतानाही आरोपीला फाशीची शिक्षा झाल्याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुण्याचे डॉ. अनंत चिंतामण लागू यांचा तो खटला. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल १४ डिसेंबर १९५९ रोजी दिला. माझ्या पिढीतल्या लोकांनी ‘लागू खटला’ हे शब्द लहानपणी मोठ्यांच्या बोलण्यात ऐकलेले आहेत.

त्या निकालात एका इंग्रज डॉक्टरचा दाखला आहे. त्याचे नाव विल्यम पामर. खून केल्याबद्दल तो १८५६ साली फासावर गेला. पामरच्या खटल्यातले एक सूत्र कायद्याच्या पुस्तकातून हिंदुस्थानात आले आणि शंभर वर्षांनी पुण्याच्या एका विधवेच्या मृत्यूला लावले गेले. तो प्रवास इथे मांडायचा आहे. त्यातून निघणारा प्रश्न जुना झालेला नाही. शरीर गप्प असेल, तर माणसाच्या वागणुकीवरून त्याला खुनी ठरवता येते का? आणि तो माणूस डॉक्टर असेल, तर?

रूजलीचा डॉक्टर

विल्यम पामरचा जन्म १८२४ सालचा, इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यातल्या रूजली या छोट्या गावातला. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिकून तो शल्यवैद्य झाला आणि गावी परतला. दवाखान्यापेक्षा त्याचा जीव घोड्यांच्या शर्यतींत अधिक रमला. शर्यतींनी कर्ज आणले, सावकार आणले. आईच्या नावाने खोट्या सह्या करून त्याने हुंड्या वठवल्या. १८५४ मध्ये त्याची बायको वारली. तिचा विमा थोड्याच काळापूर्वी उतरवलेला होता आणि त्याचे तेरा हजार पौंड पामरला मिळाले. पुढच्या वर्षी भाऊ वारला. त्याचाही विमा होता, पण या वेळी कंपनीला संशय आला आणि तिने पैसे द्यायला नकार दिला.

१३ नोव्हेंबर १८५५ रोजी श्रूजबरीच्या शर्यतीत पामरचा मित्र जॉन पार्सन्स कुक याची घोडी जिंकली. कुकच्या हाती मोठी रक्कम येणार होती. दुसऱ्याच दिवशी ब्रँडीचा घोट घेताच कुकने घसा जळत असल्याची तक्रार केली. तो पामरबरोबर रूजलीला आला आणि पामरच्या घरासमोरच्या खानावळीत उतरला. त्याचे दुखणे वाढत गेले. पामर त्याची शुश्रूषा करत होता आणि कुकला जाणाऱ्या गोळ्या पामरच्या हातून जात होत्या. १९ नोव्हेंबरच्या रात्री पामरने ओळखीच्या एका डॉक्टरच्या मदतनिसाकडून तीन ग्रेन स्ट्रिकनीन घेतले. दुसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानातून आणखी सहा ग्रेन घेतले. स्ट्रिकनीन म्हणजे काजऱ्याच्या बियांतून निघणारे, आपले वैद्य ज्याला कुचला म्हणतात त्यातले जहाल विष. २१ नोव्हेंबरच्या पहाटे कुक आचके देत, धनुष्यासारखा ताठ होऊन मेला.

प्रकरण इथेच मिटले असते. गावातल्या ऐंशी पार केलेल्या डॉक्टरने मृत्यूचा दाखलाही दिला होता. पण कुकचा सावत्र बाप येऊन थडकला. मुलाची शर्यतीची वही कुठे आहे, पैसे कुठे आहेत, असे प्रश्न त्याने विचारले आणि उत्तरे पटेनात तेव्हा शवविच्छेदनाचा आग्रह धरला. मृत्यूनंतर पाचव्या दिवशी ते झाले. पामर तिथे हजर होता. जठर काढणाऱ्याला त्याचा धक्का लागला आणि आतला द्रव सांडला. नंतर बरणी जागेवरून नाहीशी झाली. ती पामरने दाराजवळ नेऊन ठेवलेली आढळली, आणि तिच्या तोंडावर बांधलेल्या आवरणाला दोन चिरा पडलेल्या होत्या. बरणी नेणाऱ्या गाडीवानाने गाडी उलटवावी म्हणून पामरने त्याला पैसे देऊ केले. तपासणीचा निकाल आधी कळावा म्हणून त्याने गावच्या पोस्टमास्तरला हाताशी धरून पत्र फोडायला लावले. आज आपल्याकडे बरण्यांवर मोहोर का असते, मोहोर शाबूत होती की नाही हे साक्षीत खोदून का विचारले जाते, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने रूजलीची ती फाटक्या आवरणाची बरणी आठवावी.

लंडनचे विख्यात विषतज्ज्ञ आल्फ्रेड स्वेन टेलर यांनी त्या अवयवांची तपासणी केली. त्यांना थोडे अँटिमनी मिळाले, स्ट्रिकनीन मिळाले नाही. तरीही कुक स्ट्रिकनीननेच मेला, असे त्यांनी लक्षणांवरून सांगितले. बचावाच्या तज्ज्ञांचे म्हणणे उलट होते : स्ट्रिकनीन दिले असते तर ते सापडलेच असते.

स्टॅफर्डशायरमध्ये लोकमत इतके पेटले होते की खटला निःपक्षपातीपणे चालणार नाही म्हणून संसदेने खास कायदा केला आणि खटला लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात नेला. १४ ते २७ मे १८५६, असे बारा दिवस तो चालला. सरन्यायाधीश लॉर्ड कॅम्बेल यांनी ज्यूरीला सांगितलेले सूत्र असे : अशा खटल्यात पुरावा दोन प्रकारचा असतो. एक शास्त्रज्ञांनी दिलेला वैद्यकीय पुरावा. दुसरा परिस्थितीचा आणि वागणुकीचा, ज्याला त्यांनी नैतिक पुरावा म्हटले. मनात या दोहोंना वेगळे ठेवता येत नाही. दोन्ही एकत्र पाहूनच निर्णय करायचा असतो. ज्यूरीने पामरला दोषी ठरवले. १४ जून १८५६ रोजी स्टॅफर्डच्या तुरुंगाबाहेर, सुमारे तीस हजार लोकांसमोर, त्याला फाशी दिले गेले.

तीन वर्षांनंतरचा धडा

पामरची गोष्ट इथेच सोडली तर चित्र एकांगी राहते. १८५९ साली आणखी एक डॉक्टर त्याच ओल्ड बेलीत आरोपी म्हणून उभा राहिला. नाव थॉमस स्मेथर्स्ट. पहिली बायको हयात असताना त्याने इझाबेला बँक्स नावाच्या बाईशी लग्न लावले होते. काही महिन्यांत ती आजारी पडली. मृत्यूच्या दोन दिवस आधी तिने मृत्युपत्र करून मालमत्ता त्याच्या नावे केली. ३ मे १८५९ रोजी ती वारली. वागणूक पाहावी तर पामरइतकीच काळी. शिवाय या वेळी विषही ‘सापडले’ होते. स्मेथर्स्टच्या एका बाटलीत सोमल असल्याचे टेलर यांनीच सांगितले होते.

पुढे टेलर यांना भर कोर्टात कबूल करावे लागले की तो सोमल बाटलीतला नव्हता. चाचणीसाठी त्यांनी जी तांब्याची जाळी वापरली, तिच्यातच तो होता. तरीही ज्यूरीने स्मेथर्स्टला दोषी ठरवले. फाशीची शिक्षा झाली. मग डॉक्टरांनी आणि वकिलांनी ओरड केली. त्या काळी इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचे न्यायालय नव्हते. गृहमंत्र्यांनी प्रसिद्ध शल्यवैद्य सर बेंजामिन ब्रोडी यांचे मत मागवले. संशय घ्यायला जागा आहे, पण पूर्ण पुरावा नाही, असे ब्रोडी यांनी कळवले. स्मेथर्स्टला माफी मिळाली. दुसऱ्या लग्नाबद्दल तेवढी एक वर्षाची शिक्षा झाली. इझाबेला बँक्स गरोदर होती आणि त्या अवस्थेतल्या विकारानेही ती गेली असणे शक्य होते.

ही दोन प्रकरणे मी नेहमी जोडीने वाचतो. पामर सांगतो की विष सापडले नाही म्हणून खुनी सुटता कामा नये. स्मेथर्स्ट सांगतो की माणूस लुच्चा आहे म्हणून तो खुनी ठरत नाही. विषप्रयोगाचा कायदा या दोन वाक्यांच्या मधल्या अरुंद वाटेवरून चालतो.

सूत्र हिंदुस्थानात येते

ते सूत्र आपल्याकडे आणणारा माणूस म्हणजे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा त्याने तयार केला. त्या कायद्यावर त्याने एक प्रस्तावनापर ग्रंथ लिहिला. कोणती गोष्ट खटल्याशी संबंधित मानावी हे समजावताना त्याने त्यात जे इंग्रजी खटले उलगडून दाखवले, त्यांत पामरचा खटला आहे. रूजलीची हकीकत अशी कलकत्ता, मुंबई, मद्रासच्या वकिलांच्या टेबलावर आली.

कायद्याच्या कलमांतही तिचे पडसाद दिसतात. कलम ७ च्या एका उदाहरणात विचारले आहे : अ ने ब ला विष दिले काय, असा प्रश्न असेल तर ब ची आधीची प्रकृती, आणि अ ला माहीत असलेल्या ब च्या सवयी, ज्यांमुळे विष देण्याची संधी मिळाली, या गोष्टी संबंधित आहेत. कलम ८ हेतू, पूर्वतयारी आणि वागणूक यांविषयी आहे. घटनेच्या आधीची वागणूक आणि नंतरचीही. मृत्यूपूर्वी आरोपीने तसेच विष मिळवले होते, हे त्यातले एक उदाहरण. पुरावा नष्ट केला किंवा दडवला, हे दुसरे. १ जुलै २०२४ पासून या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. कलमांचे क्रमांक ५ आणि ६ झाले, पण विचार तोच आहे.

त्याच सुमारास मुंबई इलाख्यात सरकारी रासायनिक पृथक्करणाची व्यवस्थाही उभी राहिली. एकोणिसाव्या शतकात या इलाख्यातली नेहमीची विषे म्हणजे सोमल, धोतरा आणि अफू. धोतरा वाटसरूंना लुटण्यासाठी, सोमल वैऱ्यासाठी आणि दुसऱ्याच्या गुरांसाठीही. ही लोकांच्या हातची विषे होती. ती बाजारातून किंवा बांधावरून यायची आणि आणणारा कुणाच्या तरी नजरेस पडायचा. डॉक्टरची गोष्ट वेगळी. त्याला विष आणायला कुठे जावे लागत नाही आणि सुई टोचायला निमित्त शोधावे लागत नाही. रोगी स्वतःच दंड पुढे करतो.

शुक्रवार पेठ

लक्ष्मीबाई कर्वे पुण्याच्या शुक्रवार पेठेत राहत. माहेरचे नाव इंदुमती. पती व्यवसायात यश मिळवलेले, चांगल्या स्थितीतले गृहस्थ होते. ते १९४५ साली वारले. त्यांच्या अखेरच्या दुखण्यात डॉ. लागू आणि त्यांचे डॉक्टर बंधू उपचार करत होते. पतीमागे लक्ष्मीबाईंकडे घर, शेअर्स, बँकेतल्या ठेवी, दागिने असा ऐवज होता. पूर्वी त्यांना क्षय झाला होता आणि मधुमेहही होता. दोन मुलांपैकी एक १९५४ मध्ये गेला. डॉ. लागू आता त्यांचे डॉक्टर होते, त्यांच्याच घरात भाडेकरू होते आणि पैशाच्या व्यवहारातले विश्वासूही होते. आजारी, एकटी आणि पैसा बाळगून असलेली बाई एकाच माणसावर तीन बाजूंनी टेकलेली होती.

१२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री डॉ. लागू त्यांना घेऊन पुण्याहून मुंबईला निघाले. मुंबईच्या एका तज्ज्ञाला प्रकृती दाखवायची, असे प्रयोजन होते. गाडी पहाटे पाचच्या सुमाराला बोरीबंदरला पोचली तेव्हा लक्ष्मीबाई बेशुद्ध होत्या. टॅक्सीने त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेले गेले. तिथे नाव सांगितले गेले ते लक्ष्मीबाई कर्वे असे नव्हे. इंदुमती हे माहेरचे नाव आणि माहेरच्या आडनावाशी मिळतेजुळते आडनाव नोंदले गेले. पत्ता मात्र डॉ. लागूंच्या मार्फत असा होता. त्याच दिवशी, १३ नोव्हेंबरला, साडेअकराच्या सुमारास त्या वारल्या. शुद्ध आलीच नाही.

रुग्णालयाने डॉ. लागूंना तार केली की प्रेत घेऊन जा. त्यांचे उत्तर आले की बाईंचा भाऊ कलकत्त्याहून येईल. असा कुणी भाऊ आला नाही. प्रेत बेवारस म्हणून पडून राहिले. शवविच्छेदन झाले २३ नोव्हेंबरला, म्हणजे मृत्यूनंतर दहा दिवसांनी. कारण लिहिले गेले मधुमेहाने आलेली बेशुद्धी. रासायनिक तपासणीत विष आढळले नाही.

इकडे पुण्यात नातेवाइकांना पत्रे येऊ लागली. सही लक्ष्मीबाईंची. मी तीर्थयात्रेला निघाले आहे. मग, जोशी नावाच्या गृहस्थांशी मी लग्न केले आहे. मग, जयपूरजवळच्या राठोडी नावाच्या गावी स्थायिक झाले आहे, माझा शोध घेऊ नका. त्याच काळात बनावट सह्यांच्या कागदपत्रांवर त्यांचे शेअर्स आणि पैसे डॉ. लागूंच्या हाती जात होते. अखेर नातेवाइकांचा संशय पोलिसांपर्यंत गेला आणि मार्च १९५८ मध्ये डॉ. लागूंना अटक झाली. मृत्यूनंतर सुमारे सोळा महिने ही बाई कागदावर जिवंत होती.

या पत्रांपाशी मी थांबतो. ती इतके दिवस चालून का गेली? माझे मत असे की विधवेने पुन्हा लग्न केले, ही बातमी ऐकून त्या काळच्या घरांत लोक चौकशी करण्याऐवजी गप्प बसत. रागाने बसत, लाजेने बसत, पण बसत. पत्र रचणाऱ्याने मजकूर अचूक निवडला होता. खोटी सही बँकेला फसवत होती. खोटे लग्न समाजाला फसवत होते, आणि फसायला समाज तयार होता.

बहुमत आणि मतभेद

पुण्याच्या सत्र न्यायालयाने डॉ. लागूंना खुनाबद्दल फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायमूर्तींपुढे अपील आले. फसवणुकीबद्दल वाद घालायला फारशी जागा उरली नव्हती. खरा वाद एकच : लक्ष्मीबाई विषाने मेल्या, की मधुमेहाने?

न्या. हिदायतुल्ला यांनी न्या. एस. के. दास यांच्यासह बहुमताचा निकाल दिला. त्यातला विचार थोडक्यात असा. विष देणारा माणूस गुपचूप काम करतो. तो कुणाला सांगत नाही, आणि माग राहू नये असेच विष निवडतो. सर्वसाधारणपणे सरकार पक्षाने तीन गोष्टी सिद्ध करायच्या असतात : मृत्यू विषाने झाला, विष आरोपीजवळ होते, आणि ते देण्याची संधी त्याला होती. पण प्रत्येक वेळी विष बाटलीत पकडून दाखवलेच पाहिजे असा आग्रह धरला, तर सर्वांत हुशार गुन्हेगार सर्वांत सुरक्षित होईल. म्हणून परिस्थिती पुरेशी बोलकी असेल तर न्यायालय तिच्यावरूनही निष्कर्ष काढू शकते. इथेच पामरचा दाखला येतो. लॉर्ड कॅम्बेल यांचे वैद्यकीय आणि नैतिक पुराव्याचे सूत्र निकालात उद्धृत केले आहे. मधुमेहाच्या बेशुद्धीचे कारण बहुमताला पटले नाही. आधीची योजना, प्रवास, खोटे नाव, बेवारस सोडलेले प्रेत, पत्रे, लूट हे सगळे एकत्र धरल्यावर त्यांच्या मते एकच अर्थ उरत होता. फाशी कायम झाली.

न्या. ए. के. सरकार यांनी वेगळे मत दिले. मृत्यू अनैसर्गिक होता हेच मुळात सिद्ध झालेले नाही, असे त्यांना वाटले. मृत्यूनंतर लुबाडले याचा अर्थ मृत्यू घडवून आणला असा होतोच असे नाही. ज्या बाईचा पैसा हाताळायची सवय लागली होती ती अचानक मेली, आणि लोभी माणसाने संधी साधून मृत्यू लपवला, हेही शक्य आहे. त्यात फसवणूक आहे, खून असेलच असे नाही. वाचकाच्या लक्षात येईल की हाच स्मेथर्स्टचा धडा आहे.

डॉक्टर असणे

दोन्ही मते मी अनेकदा वाचली आहेत. मला बहुमताची बाजू पटते, पण तिच्यातला जोर कुठून येतो हे नीट पाहिले पाहिजे. मला वाटते तो लुटीतून येत नाही. लुटीचा उलगडा न्या. सरकारांच्या पद्धतीनेही होतो. जोर येतो तो मृत्यूच्या आधीच्या आणि मृत्यूच्या वेळच्या काही तासांतून. आणि त्या तासांना अर्थ येतो तो आरोपी डॉक्टर होता म्हणून.

समजा, एखादा सामान्य शेजारी बेशुद्ध बाईला घेऊन पहाटे स्टेशनवर उतरला असता. तो गोंधळला असता. नाव चुकीचे सांगितले गेले असते, आधीचे आजार नीट सांगता आले नसते. अशा माणसाच्या वागण्यातून गुन्हा काढणे धोक्याचे. पण डॉक्टरला काय सांगायचे ते माहीत असते. कोणता उपचार चालू आहे, कोणती औषधे दिली, नातेवाईक कोण, हे रुग्णालयाला सांगणे हे त्याचे शिक्षण आहे, सवय आहे, कर्तव्य आहे. रोग्याला खोट्या नावाने दाखल करणारा डॉक्टर आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनाची मागणी करण्याऐवजी प्रेत बेवारस सोडणारा डॉक्टर चुकत नसतो. तो ठरवून वागत असतो. ज्ञान जितके जास्त, तितकी ‘मला सुचले नाही’ ही सबब लंगडी. पामरचेही हेच झाले. शवविच्छेदनाच्या खोलीत बरणीला हात लावणे कुणा गावकऱ्याने केले असते तर ती भोचक उठाठेव ठरली असती. पामरला त्या बरणीचे महत्त्व माहीत होते, आणि म्हणूनच त्या दोन चिरा त्याच्याविरुद्ध बोलल्या.

डॉक्टरला विष सहज मिळते म्हणून तो संशयास्पद, हा तर्क उथळ आहे आणि हजारो सचोटीच्या डॉक्टरांवर अन्याय करणारा आहे. खरा तर्क असा की डॉक्टरची वागणूक वाचता येते, कारण तिला मोजायला मापे आहेत. त्या मापांत त्याचे वागणे बसत नसेल तर त्याने कारण दिले पाहिजे.

तरीही न्या. सरकारांचे मत मला मोडीत काढता येत नाही. तीनांपैकी एका न्यायमूर्तीला मृत्यू नैसर्गिक असू शकतो असे वाटले, आणि शिक्षा मात्र अशी की ती परत घेता येत नाही. पुढे १९८४ साली पुण्याच्याच सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रे घालून दिली आणि त्यांना पंचशील म्हटले. साखळीची प्रत्येक कडी पक्की सिद्ध हवी, आणि आरोपी निर्दोष असण्याची प्रत्येक वाजवी शक्यता तिने मिटवली पाहिजे. त्या खटल्यात शरीरात सायनाइड सापडले होते आणि तरीही आरोपी निर्दोष सुटला, कारण ते विष त्याने दिले हे सिद्ध झाले नाही. एकाच शहरातले हे दोन खटले शेजारी ठेवा. एकात विष नाही आणि शिक्षा आहे, दुसऱ्यात विष आहे आणि शिक्षा नाही. प्रयोगशाळेचा कागद म्हणजे निकाल नव्हे, हे सांगायला याहून चांगली जोडी मला माहीत नाही.

पाच दिवस आणि दहा दिवस

पामर आणि लागू यांच्या खटल्यांत साम्ये पुष्कळ आहेत. डॉक्टर, पैसा, विश्वासातला रोगी, बनावट सह्या, न सापडलेले विष. पण दोहोंतला फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कुकसाठी पाचव्या दिवशी शवविच्छेदन झाले, कारण एक सावत्र बाप दारात येऊन उभा राहिला आणि हटला नाही. लक्ष्मीबाईंसाठी दहा दिवस कुणी आले नाही, आणि दहाव्या दिवशी टेबलावर होती ती एक अनोळखी, बेवारस बाई. तिचे खरे नाव कुणाला माहीत नव्हते, डॉक्टर कोण हे माहीत नव्हते, तिच्या नावावर काय होते हे माहीत नव्हते. शास्त्राला प्रश्नच नीट विचारला गेला नाही. मग उत्तर कुठून येणार?

आपल्या खानदेशात आजही असे घर दाखवता येईल : मुले पुण्याला किंवा सुरतेला, घरात एकटी म्हातारी, तिच्या नावावर चार एकर जमीन आणि पतसंस्थेत ठेव, आणि तिचे सगळे पाहणारा कुणी एक विश्वासू माणूस. बहुतेक वेळा तो माणूस खरोखरच देवमाणूस असतो. पण कायदा बहुतेक वेळांसाठी नसतो. अचानक मृत्यू झाला, घाईने अग्नी दिला गेला, तर पुढे कितीही कलमे लावली तरी राखेतून काही निघत नाही. मृत्यू संशयास्पद वाटला तर लगेच पोलिसांत खबर देणे, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा आग्रह धरणे, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, बाटल्या आणि रिकामी वेष्टने जपून ठेवणे, आजाराची खरी माहिती तपास करणाऱ्या डॉक्टरला देणे, यात कुणावर आरोप नाही. उलट निर्दोष माणसाला, विशेषतः निर्दोष डॉक्टरला, वाचवणारा पुरावाही इथेच मिळतो. स्मेथर्स्टला जे भोगावे लागले ते तपासणीतल्या चुकीमुळे आणि लोकांच्या संतापामुळे.

कायद्याने शंभर वर्षांत न सापडलेल्या विषावर उत्तर शोधले. ते उत्तर आहे माणसाची वागणूक वाचण्याचे, आणि ते वापरताना हात थरथरला पाहिजे असे न्या. सरकारांचे मत बजावते. परंतु जयपूरजवळच्या गावाहून आलेले पत्र वाचून कुणी एकाने त्या आठवड्यातच गाडी पकडली असती, तर जोशी नावाचे ते गृहस्थ नाहीत आणि लक्ष्मीबाईही नाहीत, हे तेव्हाच कळले असते. ते कळायला १९५८ साल उजाडावे लागले.